सुभेदार तासगावला हरायला जातात

लोक सातारा जिल्ह्यात जातात ते कासच्या पठारावरची फुलं बघायला, नाहीतर गड चढायला. मी गेले ती एका माणसाला बघायला. माझे गुडघे दुखतात आणि फुलांचा मोसम केव्हाच संपला होता, त्यामुळे फार मोठ्या मोहावर पाणी सोडलं असं काही नाही.

मी नागपूरची. जन्मभर गणित शिकवलं आणि जन्मभर बुद्धिबळ खेळले, दोन्ही जपून. पटावर माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे बरोबरी. किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात बसवायचं, त्याच्या पुढ्यात प्यादी उभी करायची आणि समोरचा माणूस कंटाळून हात पुढे करेपर्यंत चहा पीत राहायचं, असा माझा खेळ. आमच्या मंडळात ज्याला अर्धा गुण खात्रीनं हवा असतो तो माझ्याशी गाठ पडावी म्हणून नवस बोलतो.

अशा बाईनं फौजेतल्या सुभेदार तात्यांच्या नादी लागायला नको होतं. पण पुष्कळ वर्षांपूर्वी नागपूरच्या एका खुल्या स्पर्धेत ते माझ्या शेजारच्या पटावर बसले होते. भरघोस मिशा, ताठ पाठ, आणि सोंगटी ठेवायची ती आपटूनच. त्यांनी आधी उंट दिला, मग हत्ती दिला आणि मग चक्क वजीर दिला. समोरचे गृहस्थ आनंदानं घेत गेले आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपला राजा घरदार सोडून पटाच्या मध्यावर उघडा उभा आहे. तात्यांना घोड्यानं सरळ मात होती. मलासुद्धा दिसत होती, म्हणजे बघा. तात्यांनी ती केली नाही. त्यांनी एक प्यादं पुढे सरकवलं, आणखी एक सरकवलं, आणि शेवटी त्या प्याद्यानंच मात करून "प्यादेमात!" अशी आरोळी ठोकली. पंच धावत आले. मी दचकून माझा वजीर दिला. माझ्या आयुष्यातला तो एकमेव बळी.

जुन्या खेळाडूंत प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची समजतात. हत्तीनं कुणीही मारेल. शिपायानं राजाला पकडलं तर ती खरी मर्दुमकी. हल्लीच्या स्पर्धांत तिला वेगळा गुण वगैरे काही मिळत नाही, पण हे तात्यांना कुणी सांगायचं? याच हट्टापायी त्यांचं राज्याचं विजेतेपद गेलं. शेवटच्या फेरीत वजिरानं एका चालीत मात होती. तात्या प्याद्याची वाट बघत बसले आणि तेवढ्यात समोरच्यानं त्यांनाच मात केली.

तर आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी या माणसाच्या कारकिर्दीवर लेख लिहायचा म्हणून मी जानेवारीच्या थंडीत निघाले. लेख राहिला बाजूला. घडलं ते हे असं.

कोरेगाव

एसटी स्टँडवर तात्या जीप घेऊन उभे होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पाठ तशीच ताठ.

"किल्लेकोटवाल्या बाई तुमीच न्हवं?" त्यांनी विचारलं. फोनवर मी माझ्या खेळाबद्दल बोलले होते, ती चूक झाली.

जीप चालवण्याची त्यांची पद्धत पटावरच्यासारखीच होती. ब्रेक हा भाग त्यांना अपमानास्पद वाटत असावा. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, कर्ण्यावर गाणी वाजवत ट्रॅक्टर आला, तर तात्या म्हणाले, "त्यो सरकतोय बगा," आणि तो सरकला. मी डोळे मिटले होते, त्यामुळे कसा सरकला ते सांगता येणार नाही.

त्यांचं घर गावाबाहेर, आल्याच्या शेताला लागून. दारात मालूकाकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझा चेहरा पाहूनच त्यांना जीपचा प्रवास कळला असावा. मग जेवण. घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि खर्डा. खर्डा म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावरच रगडलेलं. "मी नागपूरची आहे, सावजी खाऊन वाढलेय," असं मी ऐटीत सांगितलं आणि मोठा घास घेतला. त्यानंतर बराच वेळ मी फक्त ऐकण्याचं काम केलं. मुलाखतीला ते सोयीचंच पडलं.

"तात्या, तुम्ही कायम हल्लाच का करता?" आवाज परत आल्यावर मी विचारलं. मला वाटलं होतं, काही तत्त्व वगैरे सांगतील.

"बाई, आमी खेळ शिकलो बर्फात," तात्या म्हणाले. "पेटीच्या झाकनावर पट काडलेला. हातमोजं घातलं तर सोंगटी धरता येत न्हाई, काडलं तर बोटं गोठत्यात. त्यात कुनी बचाव करत बसावं? लवकर मारायचं आन हात खिशात घालायचं."

"आणि किल्लेकोट?"

"राजानं कोपऱ्यात लपायचं आन शिपायांनी मरायचं? आमच्या पलटनीत असलं चालत न्हवतं."

मी खाली मान घालून आमटी ओरपली.

एवढ्यात काकी पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांना तेवढं हरायला शिकवा. उद्या तासगावला जाऊन हरून यायचं हाय."

मग सगळा प्रकार कळला. तात्यांची एकुलती एक लेक अश्विनी तासगावजवळच्या एका द्राक्षवाल्या घरात दिली आहे. तिचे सासरे आण्णा, म्हणजे तात्यांचे व्याही, हेही बुद्धिबळवाले. पण माझ्या पंथाचे. पंचक्रोशीत आण्णांना कुणी हरवलं नव्हतं, कारण आण्णा सोंगट्या घरातून बाहेरच काढत नाहीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात कुणीतरी हौसेनं पट मांडला. मुलीकडच्यानं मुलाकडच्यांपुढे नमतं घ्यायचं, हे तात्यांना काकींनी बजावलं होतं. तात्यांनी मान डोलावली, पटावर बसले, आणि जेवणाची पानं लागायच्या आत साऱ्या वऱ्हाडासमोर व्याह्याला प्यादेमात करून आरोळी ठोकली. आण्णा उठले, टोपी घातली आणि न जेवता जाऊन जीपमध्ये बसले. लग्न लागलं, पण आण्णांनी या घरचं पाणी म्हणून घेतलं नाही. त्यानंतर त्यांचं पाऊल कोरेगावला लागलेलं नाही.

व्याही आमच्या विदर्भातही रुसतात. पण आमच्याकडे ते जेवून रुसतात.

आता अश्विनीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. आण्णांचा निरोप आला होता: पाव्हण्यांनी आमच्या दारात यावं, पटावर बसावं, मग सुनेला पाठवायचं का ते बघू.

"पण ती शिकलेली मुलगी," मी म्हटलं. "शाळेत शिकवते. तिला यायचं तर बसनं येईल की!"

"त्येच म्या म्हनलं," काकी म्हणाल्या. "तर ती म्हनती, आई, मला त्या घरात जलमभर ऱ्हायाचं हाय. मामंजी रुसलेलं असताना मी उंबरा ओलांडनार न्हाई. बाबांनी घातलाय त्यो घोळ, बाबांनीच निस्तरावा."

तात्या खिडकीबाहेर बघत होते. माजघरात पाळणा धुऊनपुसून आढ्याला टांगलेला होता. जाता-येता तात्या त्याला हलकेच झोका देत होते आणि कुणी बघतंय असं वाटलं की मिशीला हात लावत होते. मला त्या माणसाची एकदम कीव आली.

म्हणून संध्याकाळी मी त्यांची शिकवणी घेतली. ज्या माणसाच्या हल्ल्यांवर लेख लिहायला आले त्यालाच मी हरायला शिकवत होते. पहिल्या डावात तात्यांनी हरण्यासाठी हत्ती फुकट दिला. मी घेतला आणि मला मात झाली. दुसऱ्या डावात त्यांनी दोन्ही उंट दिले. पुन्हा तेच. "आवं, मी काय करू? वाट मोकळी झाली की माझं मानूस आपसूक घुसतंय," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग माणसं द्यायचीच नाहीत," मी म्हटलं. "आणि मोठ्या सोंगट्यांना हातच लावायचा नाही. नुसती प्यादी हलवा. एकेक घर. प्याद्यांनी कुणाचं काही वाकडं होत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, हे मी नाकारत नाही.

रहिमतपूर, पुसेसावळी, विटा

सकाळी काकींनी जीपमध्ये घेवड्याचं पोतं, आल्याची पाटी आणि साताऱ्याचे कंदी पेढे भरले. व्याह्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. उरलेल्या जागेत मी. निघताना काकींनी नवऱ्याला दही दिलं आणि सांगितलं, "आवं, हरूनच या. जिंकलासा तर तिकडंच ऱ्हावा."

रहिमतपुरापर्यंत हिरवागार ऊस, मग हळूहळू जमीन फिकी होत जाते, टेकड्या बोडक्या होतात. पुसेसावळीच्या पुढे रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. शंभर तऱ्हेच्या आवाजात हॉर्न वाजवूनही मेंढ्या सरकेनात, कारण मेंढ्यांना तात्यांचा लौकिक ठाऊक नव्हता. कळपामागून खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा निवांत चालत होता.

"का रं गड्या, वाजवतोस?" त्यानं तात्यांना विचारलं. "लय घाई हाय व्हय? कुठं निगालाय?"

"तासगावला. हरायला."

म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला. "मग घाई कशापायी?" असं म्हणून तो पुढे गेला. तात्यांना हे पटलं असावं. विट्यापर्यंत त्यांनी एकही ओव्हरटेक केला नाही.

विट्यात चहा घेतला. इकडे चहाला 'नको' म्हणायची सोय नाही. नको म्हटलं की 'अर्धा घ्या' म्हणतात आणि अर्ध्यालाही नको म्हटलं की दोन आणतात. तात्या बशीत चहा ओतून पुटपुटत होते, "एकेक घर. नुसती प्यादी. एकेक घर." शेजारच्या बाकावरची माणसं सरकून बसली.

तासगावजवळ

आण्णांचं घर म्हणजे त्यांचा खेळच विटा-सिमेंटात बांधलेला. आधी तारेचं कुंपण, मग लोखंडी फाटक, मग कुत्रं, मग आणखी एक फाटक, आणि पुढच्या दाराच्या आत पुन्हा एक जाळीचं दार. मला तिथं फार सुरक्षित वाटलं. मागे द्राक्षांचे मांडव आणि बेदाणे वाळवायची लांबच लांब शेड. आण्णा किडकिडीत, पांढरी टोपी, आणि प्रत्येक कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारे.

"या पावणं," एवढंच म्हणाले. हसले नाहीत.

अश्विनी दारातल्या खुर्चीत पाठीला उशी लावून बसली होती. बापाला बघून तिचे डोळे भरले, पण ती जागची उठली नाही. तात्याही जागीच उभे राहिले. आतून पुरणपोळीचा वास येत होता. अक्का, म्हणजे आण्णांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हातपाय धुवा, पानं वाढते."

"जेवन डावानंतर," आण्णा म्हणाले. "मी तुमच्याकडं उपाशी बसलो हुतो."

न्याय सर्वांना सारखा लागू झाला आणि त्यात मीही सापडले. मी मांडवातही नव्हते, वऱ्हाडातही नव्हते. बाप्पा! पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

सोप्यात पट मांडला. बसण्याआधी आण्णांनी दोन अटी सांगितल्या. "एक, मुद्दाम हरायचं न्हाई. मला कळतं. तसं झालं तर त्यो दुसरा अपमान. आन दोन, मदीच हात जोडायचं न्हाई. डाव शेवटपातूर खेळायचा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पांढरी मोहरी तात्यांकडे. पहिल्या काही चाली त्यांनी शिकवल्याप्रमाणे प्यादी हलवली. पण सवय जाते कुठं! डाव जरा रंगला आणि त्यांचा हत्ती आण्णांच्या उंटापुढे आयता येऊन उभा राहिला. तात्यांचा चेहरा उजळला. निदान हे तरी बरोबर झालं. आण्णा हत्तीकडे बघत राहिले.

"पावणं, ह्यात काय हाय?"

"काय न्हाई. घ्या की."

"घ्या म्हनताय म्हंजे हायच," आण्णा म्हणाले आणि त्यांनी उंट मागे घेतला.

पुढं हेच चाललं. तात्या माणूस देत होते, आण्णा घेत नव्हते. देणाऱ्यानं जन्मभर विषच कालवून दिलेलं, घेणारा कसा विश्वास ठेवील? शेवटी तात्यांनी हिय्या केला आणि वजीर उचलून आण्णांच्या प्याद्याच्या अगदी तोंडात नेऊन ठेवला. त्यात डाव नव्हता, कट नव्हता, काहीही नव्हतं. माझ्या शाळेतली पाचवीची मुलगीसुद्धा तो घेऊन मोकळी झाली असती.

आण्णा उठले. फाटकं उघडून, पुन्हा लावून, ओढून बघून ते द्राक्षाच्या बागेत गेले. मांडवाखालून त्यांची टोपी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना दिसत होती. अक्का आतून दोनदा विचारून गेल्या, "पोळ्या लाटू का थांबू?" बऱ्याच वेळानं आण्णा परतले, बसले आणि घोडा मागे आणून राजाशेजारी ठेवला.

"आमी असल्याला भुलत न्हाई," ते म्हणाले.

तात्यांनी कपाळाचा घाम पुसला. मग बिचाऱ्यांनी माझ्या शिकवणीचा आधार घेतला. नुसती प्यादी. एकेक घर. आण्णांना प्रत्येक प्याद्यात कट दिसत होता आणि ते एकेक सोंगटी मागे आणून राजाभोवती उभी करत होते. हत्ती आला, उंट आला, दुसरा घोडा आला. राजाला श्वास घ्यायला जागा उरली नाही. आणि तात्यांची प्यादी एकेक घर चालत त्याच्या दारापर्यंत पोचली. प्याद्यांनी कुणाचं काही वाकडं होत नाही म्हणणारी बाई शेजारीच बसली होती. तिला आता पुढचं दिसायला लागलं होतं. मी खोकले. तात्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. त्यांनी आणखी एक प्यादं सरकवलं.

तेवढ्यात आण्णांचं काहीतरी बदललं. इतका वेळ समोरून हल्ला आला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते पटावर वाकले. त्यांचा हात उंटावर गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्यांनी तो उंट दारातून एक घर बाहेर काढला आणि तिथूनच तिरक्या रेषेत, पटाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या तात्यांच्या राजावर रोखला.

"शह!"

एवढ्या मोठ्यानं की अक्का हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि कुत्रं भुंकायला लागलं. आण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. जन्मभर घरात बसलेला माणूस पहिल्यांदा जत्रेला गेल्यावर जसा दिसेल तसा. मी स्वतः तशीच खेळते, म्हणून मला त्यांचा आनंद नेमका कळला, आणि तो टिकणार नाही हेही कळलं. कारण त्या शहाला उत्तर एकच होतं. तात्यांच्या राजाला हलायला घर नव्हतं, मधे घालायला माणूस नव्हता. उंट मारावाच लागत होता. तो मारू शकत होतं फक्त एक प्यादं. आणि ते प्यादं त्या घरात गेलं की आण्णांच्या कोंडलेल्या राजाला मात होती.

ज्या प्यादेमातेपायी तात्यांनी विजेतेपद घालवलं ती आज आपल्या पायांनी चालत आली होती. तात्यांना ती दिसली. त्यांचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. हात जोडायचे नाहीत, ही अट. मुद्दाम हरायचं नाही, हीही अट. खेळावं तर लेक घरी येत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी वाईट जिंकलेली बाजू पाहिलेली नाही.

"खेळा की पावणं," आण्णा म्हणाले. त्यांना अजून दिसलं नव्हतं.

तात्यांचा हात खाली येईना. खुर्ची करकरली. अश्विनी एका हातानं पाठ धरून उठली, हळूहळू पटापर्यंत आली आणि बापाच्या खांद्यावरून वाकून तिनं ते प्यादं उचललं, उंट बाजूला ठेवला आणि प्यादं त्याच्या जागी बसवलं.

"मात," ती म्हणाली. "मामंजी, माफ करा. माझी कंबर लय दुखायला लागली."

आण्णांनी पट नीट न्याहाळला. पुन्हा न्याहाळला. मग त्यांनी टोपी सारखी केली, दोन्ही फाटकं उघडली आणि जाऊन जीपमध्ये बसले.

"आवं!" अक्का ओरडल्या. "ती त्यांची जीप हाय! तुमी तुमच्या घरात हायसा!"

आण्णा खाली उतरेनात. आम्ही सगळे जीपशी गेलो. अक्का लाटणं घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या. "रुसलाय कुनावर? हरवलं कुनी तुमाला?"

"पावन्यांनी."

"पावन्यांनी हातसुद्दा लावला न्हाई. सगळ्यांनी बगितलं. पोरीनं खेळली चाल."

आण्णा विचारात पडले. वजिराचा विचार केला होता तेवढाच वेळ त्यांनी घेतला. मग काचेतून थेट तात्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "पोर कुनाची?"

सगळं तिथंच अडकलं होतं. तात्या लेकीकडे बघत राहिले. पटावर वजीर देताना ज्यांचा हात कधी कापला नाही त्या माणसाला एक शब्द बोलायला किती कष्ट पडले ते मी पाहिलं.

"तुमची," तात्या म्हणाले. "तुमची सून हाय, आण्णा."

आण्णांचा चेहरा सैल झाला. "म्हंजे जिंकलं आमचं घर."

"व्हय."

"आन हरलं कोन?"

तात्यांनी दोन्ही हात पसरले. "मीच की. माझ्या हातातला डाव तुमच्या घरानं न्हेला."

आण्णा जीपमधून उतरले. "प्यादेमात केली न्हवं का माझ्या सुनंनं!" ते अक्कांना म्हणाले, जणू अक्का कुठं परगावी होत्या. "वाडा पानं. पावन्यांना जेवल्याबिगर सोडायचं न्हाई."

कटाची आमटी, पोळीवर तूप, तळलेल्या कुरडया, आणि वर आग्रह. आण्णा स्वतः वाढत होते आणि तात्या एका पोळीलाही नाही म्हणत नव्हते. मी किती खाल्लं ते विचारू नका. जेवता जेवता आण्णांनी कोपरानं मला ढोसलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. त्या वजिरात काय हुतं?"

"फार खोल होतं," मी म्हणाले. नागपूरची माणसं एवढं खोटं बोलतात.

परतीची वाट

अक्कांनी सुनेची ओटी भरली. बेदाण्यांचा डबा, लोणच्याची बरणी, सांगलीच्या भडंगाचा पुडा, सगळं जीपमध्ये गेलं. फाटकाशी आण्णांनी तात्यांना बजावलं, "पोरगा झाला, पोरगी झाली, पहिला फोन मला. बारशाला मी येनार. जेवायला येनार."

तात्या चालकाच्या जागेकडे निघाले तर अश्विनीनं त्यांना मागे ओढलं. "बाबा, तुमी न्हाई. मला सातवा हाय." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी चालवते तीही बुद्धिबळासारखीच. कडेनं, जपून, कुणाच्या अध्यातमध्यात न येता.

ऊन उतरायला लागलं होतं. विट्याच्या आधीच अश्विनी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली. आरशात मला दोघं दिसत होते. सकाळी माझ्या जागेवर, चाकामागे, बडबड करत, हॉर्न वाजवत बसलेला माणूस मान तिरकी करून अवघडून बसला होता. खड्डा आला की तो दुसऱ्या हातानं तिचं डोकं धरत होता. एरवी बघायला मिळाली नसती अशी गोष्ट घडत होती: उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आमच्या पुढे होता आणि आम्ही त्याच्या मागे रांगत होतो. मागून सायकलवाले येऊन पुढे जात होते.

रहिमतपुराच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा मिळाला. माझ्याही अंगात थोडं वारं शिरलं. "तात्या," मी हळूच विचारलं, "काढू का पुढे?"

त्यांचा हात बधिर झाला असणार. बोटं पांढरी पडली होती. पण खांदा तसूभर हलला नव्हता.

"न्हाई बाई," ते कुजबुजले. "ऱ्हाऊ दे त्याला पुढं. पोर झोपलीया."